फायलीमागचा गृहस्थ

समाज टिकून राहतो तो एकमतावर नव्हे, हरकतींवर. एकमत झालेली माणसे घरी जाऊन झोपतात. हरकत असलेली माणसे पुन्हा भेटतात, चहा मागवतात, मागच्या सभेचे इतिवृत्त वाचतात आणि ते चुकीचे लिहिले आहे अशी नवी हरकत घेतात. या दृष्टीने पाहता नारायण पेठेतील 'वीजराज मूलस्वरूप संरक्षण समिती' ही राष्ट्राच्या आधारस्तंभांत गणली जायला हवी. ती तशी अद्याप कोणी गणलेली नाही, याबद्दल समितीची हरकत नोंदलेली आहेच.

वीजराज कोण हे ज्यांना ठाऊक नाही (अशी माणसे आहेत आणि समितीला त्यांची कीव येते), त्यांच्यासाठी थोडक्यात माहिती. वीजराज हा मराठी चित्रकथांतला महानायक. सत्तरच्या दशकात बुधवार पेठेतल्या एका छापखान्यातून त्याचा अंक दर महिन्याला निघत असे. 'दर महिन्याला' हे मुखपृष्ठावर छापलेले होते. अंक जमेल तेव्हा निघे. पिवळा अंगरखा, तांबडा पट्टा, भरघोस मिशी आणि उडताना मागे फडफडणारे उपरणे असा त्याचा वेष. तळहातातून वीज सोडून तो आकडे टाकून वीज चोरणाऱ्या दुष्टांचा नायनाट करी. त्याचे मर्मस्थान एकच, भारनियमन. कित्येक अंकांच्या शेवटी ऐन हाणामारीत वीज गेल्याने त्याला पायी घरी जावे लागले आहे. अशा वेळी दुष्टही आपापल्या घरी जात, कारण त्यांच्याकडचीही गेलेली असे.

छापखान्याचे यंत्र जुने होते. रंगाचा ठसा रेषेवर नीट बसत नसे, त्यामुळे अंगरख्याचा पिवळा रंग दर चित्रात उजवीकडे बोटभर बाहेर सांडलेला असे. समितीच्या मते ते वीजराजाचे तेजोवलय होय. तसेच, दिवसा वीजराज हा वीज कार्यालयातला यज्ञेश्वर नावाचा साधा कारकून असतो. पण त्याचा चेहरा एकाही अंकात दिसत नाही, कारण तो सदैव फाईल तोंडासमोर धरून बसलेला असतो. चित्रकाराला चेहरे काढायचा कंटाळा होता, असे त्या छापखान्यातले जुने लोक सांगत. समितीने त्यांच्या म्हणण्याची दखल घेऊन ते फेटाळून लावले आहे. सामान्य माणसाला चेहरा नसतो, हे चित्रकाराला त्यातून सुचवायचे होते. चित्रकाराला स्वतःला हे ठाऊक नव्हते, पण तो थोर होता एवढेच त्यातून सिद्ध होते.

फायलीचा हा सिद्धांत ज्यांनी मांडला ते समितीचे कार्यवाह शरच्चंद्र मेहेंदळे. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर माणसे देवाला लागतात किंवा शेअरबाजाराला. शरच्चंद्रराव वीजराजाला लागले. खरे तर ते आधीपासूनच लागलेले होते. लहानपणी टायफॉइडने अंथरुणाला खिळलेले असताना उशाशी वीजराजाचे अंक होते, आणि आपण औषधाने नव्हे तर त्यांनी वाचलो असे त्यांचे मनापासून मत होते. एकुलती एक मुलगी, राजनंदिनी, चार वर्षांची झाली तेव्हा त्यांनी तिला मांडीवर घेऊन बटरपेपरवर वीजराज गिरवायला शिकवला. बाराखडी त्यानंतर. मुलगी हातात पेन्सिल घेऊन इतकी रमे की बाप जेवायचे विसरे. त्यांच्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा काळ, आणि हे सांगताना कथेतला उपरोध क्षणभर बाजूला ठेवला आहे.

समितीत शरच्चंद्ररावांखेरीज तीन क्रियाशील सभासद होते. अध्यक्ष बापूराव खासनीस त्याच इमारतीत, शरच्चंद्ररावांच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहत, आणि सभा त्यांच्याच दिवाणखान्यात भरे. पहिला अंक आपण पहिल्या दिवशी विकत घेतला, या एका भांडवलावर ते अध्यक्ष झाले होते. संतोष पायगुडे धानोरीकडचे जमीनदार. गाव शहरात आले तशी त्यांच्या शेतावर इमारत आली, आणि वीजराजाचे अंक मात्र त्यांनी जपून ठेवले. युवा आघाडी होती राकेश ठवकर. तो मूळचा गोंदियाकडचा, हिंजवडीत संगणकावर काम करणारा. युवा आघाडीत दुसरे कोणी नव्हते, त्यामुळे तिथे कधी फूट पडली नाही.

अशा या समितीवर एके दिवशी आभाळ कोसळले. बाणेरच्या एका स्टुडिओने वीजराजावर ॲनिमेशनपट काढायचे जाहीर केले, आणि पात्रांची नवी रूपे रेखाटण्याचे काम त्या स्टुडिओत राजनंदिनीकडे आले. शरच्चंद्ररावांना इतका आनंद झाला की त्यांनी शेजाऱ्यांना स्वतःहून पेढे दिले. बापूरावांनी पेढा उलटसुलट करून पाहिला होता म्हणतात. समितीने मुलीच्या अभिनंदनाचा ठराव "अभिमान व सावधगिरी" या शब्दांत मंजूर केला.

"बाबा, टीझर आला की नीट बघा," राजनंदिनी म्हणाली होती. "तुमच्यासाठी त्यात एक गंमत आहे."

गंमत म्हणजे तेजोवलय, असे शरच्चंद्ररावांनी गृहीत धरले.

टीझर आला. चाळीस सेकंदांचा होता. राकेशने तो बापूरावांच्या दिवाणखान्यात मोबाईलवर दाखवला, आणि नंतर खालच्या झेरॉक्सवाल्याकडून त्यातल्या चित्रांच्या काळ्यापांढऱ्या प्रती काढून आणल्या, कारण बापूरावांच्या मते हलणाऱ्या चित्रावर गंभीरपणे विचार करता येत नाही. प्रती सतरंजीवर मांडल्या गेल्या.

"सर, कॅरेक्टरची पूर्ण वाट लावली ना यांनी," राकेश म्हणाला. "जॉलाइन बघा. हा वीजराज नाही, जिम ट्रेनर आहे. मी ऑलरेडी रिॲक्शन व्हिडिओ टाकलाय."

"आनि उपरनं कुठं हाय?" पायगुडे म्हणाले. "बिगरउपरन्याचा गडी उडनार कसा? वाऱ्याला धरायला कायतरी पायजे का नको?"

"रंग रेषेच्या आत आहे," बापूराव म्हणाले. हे वाक्य त्यांनी एखाद्याच्या निधनाची बातमी द्यावी तसे उच्चारले.

शरच्चंद्रराव मात्र दुसऱ्याच प्रतीकडे पाहत होते. त्या प्रतीत वीज कार्यालयातला यज्ञेश्वर होता आणि त्याने फाईल टेबलावर ठेवलेली होती. त्याला चेहरा होता. शरच्चंद्ररावांनी भिंग मागवले आणि तो चेहरा पुष्कळ वेळ न्याहाळला. हा कोण उपटसुंभ, असे त्यांना वाटले.

त्या सभेत हरकतींचा मसुदा कार्यवाहांनी एका बैठकीत लिहून काढला. एकूण हरकती बावीस. त्यांतील पहिल्या दहा वेष, मिशी, उपरणे व तेजोवलय यांसंबंधी असून त्या सर्वमान्य असल्याने येथे देण्याचे कारण नाही. यज्ञेश्वरासंबंधीच्या मात्र देणे भाग आहे:

११. फाईल खाली ठेवलेली आहे. त्यामुळे चेहरा दिसतो. दिसतो तो पाहावासा नाही.

१२. सदर गृहस्थ पोक काढून चालतो.

१३. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून तो वरून पाहतो, जणू सारे जग त्याच्यापुढे चुकीचा अर्ज भरून उभे आहे.

१४. डोक्यावर पंखा चालू असताना त्याच्या अंगात हाफ स्वेटर आहे. पंखा बंद करावा किंवा स्वेटर काढावा, एवढे तारतम्य नसलेल्या माणसाकडे विजेचे खाते सोपवणे चूक आहे. (हे कलम लिहिताना डोक्यावर पंखा चालू असल्याने शरच्चंद्ररावांनी हाफ स्वेटर घातलेला होता.)

१५. असा रटाळ, कुरकुऱ्या, शेजाऱ्याने जिन्यात दिसताच टाळावा असा माणूस महानायक असू शकतो, हे बालमनावर बिंबवणे घातक आहे.

पंधराव्या कलमाला टाळ्या मिळाल्या. सतराव्याला, म्हणजे तांबड्या पट्ट्याच्या रुंदीला, मिळाल्या नाहीत, याचे शरच्चंद्ररावांना रात्री जेवतानाही वाईट वाटत होते. त्यांनी सगळ्या हरकती घरी मोठ्याने वाचून दाखवल्या. पत्नी वैजयंतीबाई आमटी वाढत होत्या. कलम बाराला त्यांचा डाव वाटीवर थांबला.

राजनंदिनी ताटाकडे बघत म्हणाली, "बाबा, तो माणूस तुम्हाला खरंच आवडला नाही?"

"आवडण्यासारखं आहे काय त्याच्यात?" शरच्चंद्रराव म्हणाले. "तुझ्यावर राग नाही हो माझा. तुला वरून सांगितलं असेल तसं तू काढलंस. पण असला माणूस काढायला सांगतं तरी कोण?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "भात वाढ गं आई."

येथे चाहता या संस्थेविषयी दोन शब्द लिहिणे उचित ठरेल. सामान्य प्रेक्षक चित्रपट पाहतो आणि मग तो त्याला आवडतो किंवा नावडतो. चाहता अधिक जबाबदार असतो. तो आधी नावड निश्चित करतो आणि वेळ उरल्यास चित्रपट पाहतो. राकेशच्या व्हिडिओखाली हजारो लोकांनी संताप व्यक्त केला, त्यांपैकी बहुतेकांनी वीजराज हे नाव त्याच दिवशी प्रथम ऐकले होते. पण लहानपणीची आठवण पुसली गेल्याचे दुःख त्यांना इतके अनावर झाले की काहींना टंकताना रडू आले, असे त्यांनीच टंकले. एकाने यज्ञेश्वराचा चेहरा मोठा करून त्याखाली 'हा माणूस नको' एवढेच लिहिले, आणि ते चित्र पुण्यातल्या मोबाईलांतून घरोघरी गेले. शरच्चंद्ररावांनी ते स्वतः एकूण नऊ गटांत पुढे पाठवले. सोसायटीच्या गटातही पाठवले. तिथे तीन जणांनी हसणारे चेहरे टाकले आणि एकाने 'अभिनंदन काका' असे लिहिले, ते त्यांना समितीच्या कार्याबद्दल वाटले.

स्टुडिओ घाबरला. ज्यांनी पैसा घातला होता त्यांनी फोन केले, आणि महिन्याभराच्या आत 'चाहत्यांच्या भावनांचा आदर राखून' बावीसच्या बावीस हरकती मान्य झाल्या. पेठेच्या इतिहासात सगळ्या हरकती मान्य होण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. समितीत त्यामुळे काही काळ सुतकासारखी शांतता होती. आता करायचे काय, हा प्रश्न प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होता.

त्या सुमारास एका सकाळी राजनंदिनी पोहे खाताना म्हणाली, "बाबा, फाईल कुठल्या रंगाची हवी?"

शरच्चंद्ररावांचा चेहरा उजळला. ते उठले, कपाटातून चौथा आणि नववा अंक काढून आणले आणि मुलीच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. कितीतरी वर्षांनी ते दोघे असे बसले होते. "बदामी," ते म्हणाले. "लाल नाडीसकट. आणि वर घे जरा. भुवईसुद्धा दिसता कामा नये. हां, अशी. पूर्ण झाक त्याला."

"झाकते," राजनंदिनी म्हणाली. तिने टॅबवर रेघ ओढली, पोहे तसेच ठेवले आणि पर्स उचलून कामावर गेली.

दार लागल्यावर वैजयंतीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "तो तुम्ही आहात."

"तो कोण?"

"ज्याचं तोंड आत्ता झाकलंत तो."

शरच्चंद्रराव चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहू लागले.

"हे असंच बघतो तो," वैजयंतीबाई म्हणाल्या. "लहानपणी पोर रोज विचारायची, फायलीमागे कोण आहे हो बाबा? तुम्ही म्हणायचात, मीच आहे. ती ते खरं धरून बसली. मी टीझर आला त्या दिवशीच ओळखलं. खालच्या वॉचमननंसुद्धा ओळखलं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही हरकती वाचून दाखवत होतात. मध्ये बोललेलं तुम्हाला चालत नाही."

माणूस स्वतःला पाहतो ते आरशात, समोरून, मान ताठ करून आणि पोट आत घेऊन. बाजूने, जिन्यावरून उतरताना, स्वेटरमध्ये, त्याला फक्त घरचे पाहतात. शरच्चंद्ररावांनी झेरॉक्सची प्रत काढली आणि ती घेऊन ते आरशासमोर गेले. बराच वेळ ते तिथून आलेच नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवली होती. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि चष्मा मात्र पुन्हा नाकाच्या शेंड्यावर होता.

त्यांनी मुलीला फोन केला. "नंदू," ते म्हणाले, "ती फाईल काढ."

"आईनं सांगितलं का?" राजनंदिनीने विचारले. मग ती म्हणाली, "माझ्या हातात नाही बाबा आता. वरचे म्हणतात, समितीनं हरकत लेखी मागे घेतली तर फाईल खाली ठेवू. पण शुक्रवारच्या आत. त्यानंतर सगळं पुढे जातं."

कार्यवाहांनी तातडीची सभा बोलावली. अडचण एवढीच होती की समितीच्या नियम सातनुसार एकदा मंजूर झालेल्या ठरावाचा सहा महिने पुनर्विचार करता येत नाही. हा नियम स्वतः शरच्चंद्ररावांनी केलेला होता. दुसऱ्या कोणाला तो पाठही नव्हता.

"अपवाद करता येतो," बापूराव म्हणाले. "ठराव एखाद्या हयात सभासदाच्या चेहऱ्याविरुद्ध झालेला असेल, तर ती वस्तुस्थितीतील चूक समजता येईल. पण तो चेहरा तुमचाच आहे हे आधी सिद्ध व्हायला हवं. उद्या कोणीही येऊन म्हणेल, वीजराज मीच आहे."

हे रास्त होते. शरच्चंद्ररावांनी मान हलवली, आणि मराठी सभाशास्त्रात पूर्वी कधी झाली नसेल अशी तपासणी सुरू झाली. झेरॉक्सची प्रत भिंतीला टाचली. तिच्या शेजारी कार्यवाहांना उभे केले.

"कलम बारा," बापूरावांनी वाचले. "पोक. चालून दाखवा."

शरच्चंद्रराव दारापर्यंत गेले आणि परत आले. एरवी ते चारचौघांसमोर ताठ चालत; आज त्यांनी पाठ मुद्दाम सैल सोडली आणि आपण घरी चालतो तसे चालले. आपण पुरेसे वाकतो आहोत ना, अशी त्यांना धाकधूक होती.

"मान्य," बापूराव म्हणाले. "कलम तेरा."

शरच्चंद्ररावांनी चष्म्यावरून अध्यक्षांकडे पाहिले.

"हे आम्ही गेली पंचवीस वर्षं बघतोय. मान्य. कलम चौदा."

पंखा चालू होता. स्वेटर अंगात होता. राकेश हळूच म्हणाला, "सर, सॉरी, पण सेम टू सेम आहे."

"कलम पंधरा, रटाळ व कुरकुऱ्या," बापूराव म्हणाले. "याला कागदोपत्री पुरावा आपल्या इतिवृत्तांच्या सोळा फायली. 'शेजाऱ्याने जिन्यात टाळावा' याला शेजाऱ्याची साक्ष लागेल. शेजारी मीच आहे. मी टाळतो."

"धन्यवाद," शरच्चंद्रराव म्हणाले. ते खरोखरच कृतज्ञ होते. आयुष्यात कोणाकडूनही त्यांनी इतकी मन लावून निंदा मागून घेतली नव्हती.

राहिले कलम अकरा, चेहरा पाहावासा नसल्याचे.

"ह्येच्यावर मतदान नगं," पायगुडे म्हणाले. "आपला मानूस हाय."

"मग विरोध कोणाचा आहे का?" बापूरावांनी विचारले. विरोध कोणाचा नव्हता. कलम एकमताने मंजूर झाले.

चित्रातला गृहस्थ शरच्चंद्र मेहेंदळेच होत, हे अशा रीतीने निर्विवाद सिद्ध झाले. शरच्चंद्ररावांनी खिशातून पेन काढले, हरकत मागे घेण्याचा कागद पुढे केला आणि सुटकेचा श्वास सोडला. पण बापूरावांनी हात वर केला.

"घाई नको. आतापर्यंत आपल्या हरकती ऐकीव होत्या. कोणी म्हणू शकलं असतं की असा माणूस नसतोच, समितीनं उगाच कल्पना केली. आज त्या प्रत्यक्ष पुराव्यानं, कलमवार, माणूस समोर उभा करून खऱ्या ठरल्या. खरी ठरलेली हरकत मागे कशी घ्यायची?"

शरच्चंद्ररावांनी यावर उत्तर मनातल्या मनात पुष्कळ शोधले. समितीच्या पंचवीस वर्षांत असा बिनतोड मुद्दा दुसऱ्या कोणी मांडला असता, तर त्यांनी स्वतः उठून त्याला अनुमोदन दिले असते. मूळ ठराव अधिक बळकट स्वरूपात कायम करण्यात आला. इतिवृत्त कार्यवाहांनीच लिहिले, कारण दुसऱ्या कोणाचे अक्षर चांगले नव्हते. शुक्रवार आला आणि गेला.

चित्रपट प्रदर्शित झाला त्या दिवशी समितीने त्यावर बहिष्कार जाहीर केला. सर्व मागण्या मान्य झालेल्या असताना बहिष्कार कशासाठी, असे एका पत्रकाराने विचारले. मागण्या मान्य करून स्टुडिओने मूळ कल्पनेवर आपला विश्वासच नव्हता हे दाखवून दिले, आणि असल्या तत्त्वशून्य लोकांचा चित्रपट पाहणे समितीच्या तत्त्वात बसत नाही, असे बापूरावांनी उत्तर दिले.

तिसऱ्या दिवशी शरच्चंद्रराव दुपारच्या खेळाला विश्रांतवाडीच्या बाजूच्या एका चित्रपटगृहात गेले. पेठेतले कोणी तिकडे फिरकत नाही, हा त्यात हिशेब होता. डोक्यावर कानटोपी, नाकावर मास्क. शेवटच्या रांगेत कोपऱ्यात बसले. अंधार झाला आणि पडद्यावर वीजराज अवतरला, मिशी, उपरणे आणि उजवीकडे बोटभर सांडलेल्या रंगासकट. दोन प्रेक्षकांनी बाहेर जाऊन यंत्र बिघडल्याची तक्रार केली, म्हणून खेळ थोडा वेळ थांबवावा लागला. दिवे लागले. तेव्हा दुसऱ्या कोपऱ्यात गॉगल लावून बसलेले बापूराव दिसले, मधल्या रांगेत टोपी कपाळावर ओढलेले पायगुडे आणि अगदी पुढे हेल्मेट न काढता बसलेला राकेश.

ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नव्हता. गणपूर्ती झालेली असल्याने मध्यंतरात पॉपकॉर्नच्या रांगेजवळ सभा घेण्यात आली. आपण चित्रपट पाहायला नव्हे, तर बहिष्कार कितपत यशस्वी झाला हे मोजायला आलो आहोत, असे चौघांनी वेगवेगळे आणि एकाच शब्दांत सांगितले. चित्रपटगृहात समिती धरून अकरा माणसे होती. बहिष्कार यशस्वी झाल्याची नोंद घेण्यात आली. फायलीच्या नाडीची गाठ मूळ अंकात उजवीकडे असून पडद्यावर ती डावीकडे आहे, ही नवी हरकत राकेशने मांडली आणि सगळ्यांचे चेहरे कितीतरी दिवसांनी खुलले. उर्वरित चित्रपट निषेध म्हणून पाहावा, असे ठरले.

शरच्चंद्रराव आपल्या कोपऱ्यात परत जाऊन बसले. उत्तरार्धात यज्ञेश्वर पुन्हा पडद्यावर आला. बदामी फाईल, लाल नाडी, वर थोडे पांढरे केस. फायलीच्या कडेला धरलेली बोटे मात्र झाकायची राहून गेली होती, आणि ती त्यांचीच होती. डाव्या अंगठ्याचे नख दारात चेमटून वाकडे झालेले, तेही मुलीने काढले होते. पाठ त्यांचीच होती. शरच्चंद्रराव पुढे सरकून खुर्चीच्या कडेवर बसले. ही फाईल एकदा, एकदाच, थोडी खाली यावी, असे त्यांना इतके वाटले की त्यांनी मास्क काढला. एकाही अंकात ती खाली आलेली नव्हती, हे जगात त्यांच्याइतके नक्की कोणाला ठाऊक नव्हते. ती आली नाही.

घरी राजनंदिनी सामान आवरत होती. चित्रपट चालला नव्हता. स्टुडिओने माणसे कमी केली होती आणि तिला बंगळुरूला काम मिळाले होते. ज्यांनी मागण्या केल्या ते आले नव्हते आणि बाकीच्यांना रंग बाहेर का सांडला आहे ते समजले नव्हते.

"पाहिलात?" तिने विचारले.

"आमचा बहिष्कार आहे," शरच्चंद्रराव म्हणाले. मग ते तिच्या पलंगावर, कपड्यांच्या घड्यांशेजारी बसले. "फाईल जरा खाली यायला हवी होती गं."

राजनंदिनीने त्यांच्याकडे पाहिले. ती रागावली असती तर त्यांना बरे वाटले असते. "मूळ अंकात येत नाही ना, बाबा," ती म्हणाली आणि तिने बॅगेची चेन लावली.

आता चित्रपट कसा होता, हा मुद्दा. समितीचे मत वर आलेच आहे. तुम्ही तो पाहिलेला नाही. तो लागला तेव्हा तुम्ही गेला नव्हतात आणि आता तो कुठे लागायचाही नाही. तरीही गेल्या काही पानांत तुमचे त्याबद्दल मत तयार झाले आहे. पहिले रूप चांगले होते, दुसऱ्याने वाट लावली, आणि बापूराव नसते तर सगळे नीट झाले असते, असे ते मत आहे. पहिल्या रूपाचे तुम्ही चाळीस सेकंदही पाहिलेले नाहीत. समितीत शरच्चंद्ररावांनी सोडलेली कार्यवाहांची जागा सध्या रिकामी आहे, आणि एवढ्या पात्रतेचा माणूस बापूरावांना बरेच दिवस मिळत नव्हता.